मोक बिकहाचा मरायला नकार

मोक बिकहा पडद्यावर बुडून मेली आहे, मिनीबसखाली मेली आहे, इस्पितळात नाकात नळी घालून मेली आहे, आणि एका चित्रपटात तर तिसऱ्या मजल्यावरून पडलेली फुलाची कुंडी डोक्यात बसून मेली आहे. त्या कुंडीच्या वेळी मी तिला विचारलं होतं, लागलं का. ती म्हणाली, कुंडी कापसाची होती, पण फरशी खरी होती.

गेल्या ऑक्टोबरात तिने मरायला नकार दिला. त्याची हकीकत मला लिहून ठेवायची आहे, कारण वर्तमानपत्रात त्याविषयी जे चार शब्द छापून आले ते चुकीचे होते. 'वृद्ध एक्स्ट्रा कलाकाराच्या मानधनाचा वाद' असं त्यांनी लिहिलं. वाद मानधनाचा नव्हता. मी तिथे होते.

बिकहा, फिलोमिना याऊ आणि मी, आम्ही तिघी काउलूनच्या एकाच कॉन्व्हेंटमधल्या. सिस्टरांनी प्रत्येकीला एकेका संतिणीचं नाव दिलं होतं. बिकहाच्या वाट्याला अगाथा आलं, पण त्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नसे. तिचा आवाज दणदणीत. प्रार्थनेच्या वेळी तो इतर सगळ्यांच्या वर ऐकू येई. नाताळच्या नाटकात दरवर्षी तिला देवदूत व्हायचं असे, आणि दरवर्षी सिस्टर तिला गाढवाच्या मागच्या पायांचं काम देत, कारण तिथे बोलायचं नसतं. पुढे आम्ही तिघी अध्यापक महाविद्यालयात गेलो आणि दोन वर्षं एका खोलीत राहिलो. परीक्षेच्या आधी ती मोठ्याने वाचायची आणि आम्ही दोघी ऐकायचो. माझा भूगोल तिच्या आवाजात पाठ झालेला आहे.

महाविद्यालय सुटल्यावर तिला वसाहतीच्या इमारतीवरच्या गच्चीतल्या शाळेत नोकरी लागली. तिथे तिने एक वर्ष शिकवलं. एका सुट्टीत कुठल्याशा स्टुडिओला शाळकरी मुलांचा घोळका हवा होता, म्हणून ती आपला वर्ग घेऊन गेली. वर्ग परत आला, ती परतली नाही. तिच्या वडिलांचं शाम शुई पोला छत्र्यांचं दुकान होतं. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगी शिकवायला पेनांगला गेली. काही महिन्यांनी समोरचा खाटीक सिनेमा बघून आला आणि दुकानात येऊन म्हणाला, तुमच्या पेनांगच्या शिक्षिकेला आज बाजारात भेंडी निवडताना पाहिलं.

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, पडद्यावर तीनदा विधवा झाले, तेवढं पुरे.

एवढ्या वर्षांत तिला बोलायला मिळालं ते फक्त एकदा. साहेबांना चहा आणून द्यायचा आणि 'गरम आहे' म्हणायचं. पण तेव्हा आमच्याकडचे चित्रपट मुके काढत आणि आवाज मागाहून भरत. आवाज भरणारी बाई ठरलेली असे, ती एकटीच दहा बायकांचं बोले. आम्ही तिकीट काढून बघायला गेलो तर बिकहाच्या तोंडातून चिमणीसारखा आवाज आला. बिकहा अंधारात म्हणाली, "ही कोण सटवी माझ्या घशात बसलीये?" पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिलं. खरं म्हणजे त्या चित्रपटगृहात त्या दिवशी तिचा आवाज तेवढाच ऐकू आला.

मेलेल्याचं काम करणाऱ्याला आमच्याकडे कंपनी लाल पाकीट देते. आत पैसे फार नसतात, पण ते दिल्याशिवाय आणि ज्याचं त्याने दोन्ही हातांनी घेतल्याशिवाय कोणी कॅमेऱ्याला हात लावत नाही. मरण पडद्यावर राहावं, माणसाबरोबर घरी जाऊ नये, यासाठी ते असतं. नुसता फोटो काळ्या चौकटीत लावायचा असला तरी पाकीट लागतंच. फोटोचं तर लोक जास्त जपतात. प्रेत झालेला माणूस उठून जेवायला जातो, फोटो तसाच उदबत्तीच्या धुरात राहतो.

तर सप्टेंबरात एके सकाळी आम्ही नेहमीच्या चहाच्या ठिकाणी बसलो होतो. बिकहाने न विचारता कोंबडीच्या पायांच्या आणि मुळ्याच्या वड्यांच्या दोन-दोन बशा मागवल्या, तेव्हाच फिलोमिनाने चष्मा काढला. फिलोमिना मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. काही ऐकायचं असलं की ती आधी चष्मा काढते. बिकहा म्हणाली की नवीन वर्षाला येणारा एक विनोदी चित्रपट आहे, कॉलेजचे पाच जुने मित्र म्हातारपणी पुन्हा भेटतात असा. माणसं जमवणाऱ्या फायने तिला फोन केला होता. पाचांतली एक, आह-मान नावाची, ती करणार होती.

"पन्नास वर्षं गर्दीत उभी राहिलीस, आता खुर्ची मिळाली म्हणायची," फिलोमिना म्हणाली.

"आणि आता आवाज जागच्या जागी घेतात," बिकहा म्हणाली. "माझा आवाज. माझ्या घशातला."

मग तिने आह-मान कशी बोलेल ते करून दाखवलं. पलीकडच्या टेबलावरून वाढपी धावत आला; त्याला वाटलं, वडीत केस सापडला.

आधीच्या आठवड्यात फायने तिचा एक फोटो काढून घेतला होता. पाठीमागे फिकट कापड लावलं, कपड्यांसाठी हवा आहे म्हणाला, आणि सांगितलं, हलकं हसा ताई, दात नकोत. फाय काही लबाड माणूस नाही. पंचविशीपासून तो हे काम करतो आणि सगळ्या रीती त्याला ठाऊक आहेत. पण अवघड गोष्ट उद्यावर टाकायची त्याची सवय. त्याने विचार केला, आत्ता सांगितलं तर ही फोटो काढू देणार नाही. पाकीट चित्रीकरणाच्या दिवशी देऊन टाकू. ही चूक त्याने पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केली, म्हणून लिहिते.

त्याला 'शिकल्यासारख्या दिसणाऱ्या' आणखी दोन म्हाताऱ्या हव्या होत्या. बिकहाने आमची नावं दिली. ऑक्टोबरात, चित्रीकरणाच्या दिवशी, क्वुन टाँगच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, मालाच्या लिफ्टमधून आम्ही वर गेलो. बिकहाने तिचा ठेवणीतला निळा, उभ्या गळ्याचा चोंगसाम झगा घातला होता. वर एका बाजूला उपाहारगृह उभं केलं होतं, गोल टेबल, लाल खुर्च्या. दुसऱ्या बाजूला पडदा होता. फायने आम्हाला दोघींना काळे झगे दिले आणि बिकहाकडे न बघता तो कुठेतरी निघून गेला. फिलोमिना म्हणाली, मित्र भेटण्याच्या प्रसंगाला काळे कपडे कशाला? मी म्हटलं, हल्ली फॅशन असेल.

पडदा सरकला. आत अंत्यविधीचं दालन होतं, पांढरी शेवंती, दुतर्फा खुर्च्या. मधोमध काळ्या चौकटीत बिकहा हलकं हसत होती, दात न दाखवता.

बिकहा त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग तिने फायला हाक मारली. तिच्या हाकेला पूर्ण मजला थांबला.

"ही कोण रे?"

"ताई, आह-मानच आहे," फाय म्हणाला. "हिच्या अंत्यविधीला तर चौघं जमतात ना. सगळी गोष्टच तुमच्यावर उभी आहे."

"गोष्ट माझ्यावर उभी आणि मी फ्रेममध्ये."

दिग्दर्शक आला. लो चीहिम त्याचं नाव, चाळिशीही नसेल, बोलायला नम्र. त्याला काय झालं ते कळलं नाही, त्याला वाटलं पाकीट राहिलं आहे एवढंच. त्याने लगेच खिशातून लाल पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "आजी, उशीर झाला, माफ करा."

बिकहाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आजी म्हणू नकोस. तुझ्या आजीने मला कधी चहा पाजलेला नाही. आणि पाकीट मी घेत नाही."

"का?"

"मी मेलेलीच नाही. मरण्याआधी माणूस जिवंत असावा लागतो. तुझ्या सिनेमात मी कुठे जिवंत आहे, दाखव."

लो म्हणाला की गोष्ट चौघांची आहे, आह-मान सुरुवातीलाच गेलेली असते, तिचा दुसरा प्रसंग लिहिलेलाच नाही. बिकहा म्हणाली, मग लिही. एक प्रसंग, जिवंत, आणि तोंडात वाक्य. तो म्हणाला, वेळ नाही, आज अंत्यविधी व्हायलाच हवा. ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर स्वतःच्या फोटोसमोर जाऊन बसली.

लोने चित्रीकरण सुरू करायला सांगितलं. दिवे लागले नाहीत. दिव्यांचं काम बघणारे हुंगकाका शिडीवर बसून होते. ते म्हणाले, "जित्या बाईचा फोटो, पाकीट नाही, आणि उदबत्ती पेटलीये. मी बटण दाबणार नाही. मला नातवंडं आहेत." मग एकाने जाऊन उदबत्त्या विझवल्या, दुसऱ्याने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. फोटो फिरवल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं, काम मात्र होईना.

लोने पाकीट बदलून जाडजूड आणवलं. बिकहा म्हणाली, जाड पाकिटाने बारीक माणूस मरत नाही. मग त्याने ठरवलं की दुसऱ्या कोणाचा तरी फोटो काढू. शोक करायला आलेल्या आम्हा म्हाताऱ्यांच्या रांगेसमोर फाय पाकीट घेऊन फिरला. आदल्या तासापर्यंत यातली बहुतेक माणसं पाकिटाला आनंदाने तयार झाली असती. पण एकीने हात मांडीखाली घातले, मग तिच्या शेजारणीने, मग पुढच्या म्हाताऱ्याने, आणि बघता बघता पूर्ण रांग स्वतःच्या हातांवर बसली. फाय फिलोमिनापाशी थांबला. तिने त्याच्याकडे शाळेच्या फाटकात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं आणि तो पुढे सरकला. मग माझ्यापाशी आला. मला नाही म्हणायला कधीच जमलेलं नाही; सिस्टर माझ्या प्रगतिपुस्तकात 'आज्ञाधारक' लिहीत. मी हात मांडीखाली घातले. खुर्ची लोखंडी होती आणि थंड होती, पण मी काढले नाहीत.

कोणीतरी सुचवलं की संगणकावर खोटा चेहरा बनवावा. हुंगकाका शिडीवरून म्हणाले, त्याला पाकीट कोण घेणार? बेवारशी चेहरा घरात घेतलात तर तो कोणाच्या मागे जाईल सांगता येत नाही. यावर हसू कोणालाच आलं नाही, म्हणजे सगळ्यांना तसंच वाटत होतं.

लो वैतागला. तो म्हणाला, ठीक आहे, माझ्या आईचा फोटो लावतो, मग तर झालं?

बिकहाने मान वळवून विचारलं, "आईला विचारलंस?"

त्याने सगळ्यांदेखत फोन लावला. सुरुवातीला तो 'हो आई', 'जेवलो आई' म्हणत होता. मग त्याने काय हवं ते सांगितलं. पुढचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, कारण त्याने फोन कानापासून लांब धरला होता. बाई मूळच्या चिऊ चाऊ भागातल्या असाव्यात. शिव्यांना चांगलाच जोर होता. शेवटी त्यांनी विचारलं की तिथे माझ्या वयाची कोणी बाई आहे का, तिला फोन दे. लोने फोन बिकहाच्या हातात दिला. बिकहा थोडा वेळ ऐकत राहिली, 'खरं आहे', 'आपणच लाडावून ठेवतो' असं म्हणाली आणि फोन परत केला.

लो शेवंतीच्या टोपलीशेजारी जमिनीवर बसला. मला त्याची दया आली. तो म्हणाला की हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट आहे. बिकहा त्याच्याकडे वाकून म्हणाली, "माझाही."

एवढा वेळ सित मॅडम खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. चित्रपटातल्या चौघांपैकी सगळ्यांत मोठं नाव त्यांचं. आमच्याच वयाच्या. त्यांची आम्हाला भीती वाटत होती. त्या उठून आल्या आणि लोला म्हणाल्या की दुपारी उपाहारगृहातला प्रसंग आहे, त्यात मी एकटीच बसून जुन्या दिवसांविषयी वाढप्याला सांगते. तो प्रसंग वाचताना मला स्वतःलाच झोप आली होती. त्याऐवजी या बाईला माझ्यासमोर बसव. जुन्या दिवसांतच दाखव. आणि लवकर कर, मला भूक लागलीये.

"वाक्य काय देऊ?" लोने विचारलं.

"ते तुझं काम," बिकहा म्हणाली. "मला बोलायला दे म्हटलं, लिहायला नाही."

त्याने एका कागदाच्या मागे एक ओळ लिहिली: 'आजचं बिल माझं.' जेवण संपतं, आह-मान हे म्हणते, सित मॅडम म्हणतात बरं, आणि दोघी हसतात. बिकहाने ओळ वाचली. तिला ती आवडली नाही असं मला वाटलं, पण कागद तिने ठेवून घेतला.

पडदा ओढून अंत्यविधी झाकला. गोल टेबलावर वाफवलेला मासा आला, खरा. बिकहाला केस काळे करायला वेळ नव्हता, म्हणून तिला अंबाड्यावर काळ्या केसांचा टोप चढवला. आम्ही सगळे काळे झगेवाले कॅमेऱ्यामागे दाटीने उभे होतो. हुंगकाकांनी न सांगता दिवे लावले.

वाढप्याने बिल आणून ठेवलं. बिकहा म्हणाली, "आजचं बिल माझं." आवाज मोठा नव्हता. इतकी वर्षं थांबून तिने तो असा साधा काढला, जसा ती चहाच्या ठिकाणी काढते. मग सित मॅडमनी ठरल्याप्रमाणे 'बरं' म्हणायचं होतं. पण त्यांनीही आयुष्यात कधी एवढ्या सहज कोणाला बिल भरू दिलेलं नसावं. त्यांनी बिलावर हात ठेवला.

बिकहाने त्यांचं मनगट धरलं. "सोड."

"तू सोड. मागच्या वेळी तूच दिलं होतंस."

"मागच्या वेळी तू रडत होतीस, ते मोजत नाहीत. सोड म्हणते ना!"

पुढचं काहीही लिहिलेलं नव्हतं. बिल दोघींच्या मध्ये ताणलं गेलं, माशाचं ताट सरकलं, सित मॅडमनी बिकहाचा टोप ओढला आणि तो त्यांच्या हातात आला. बिकहाने एका हाताने डोकं झाकलं, दुसऱ्या हाताने बिल स्वतःच्या चोंगसामच्या गळ्यात कोंबलं आणि म्हणाली, "आता घे. हिंमत असेल तर घे. कॉलेजात माझी वही घेऊन पास झालीस, आता बिलही घेतेस?" सित मॅडम इतक्या हसल्या की त्यांना टेबलाला धरावं लागलं. शिडीवरून हुंगकाकांचं हसणं आलं. ध्वनिमुद्रकाने कपाळावर हात मारला. लोने थांबवलं नाही. तो कॅमेऱ्याशेजारी तोंडावर मूठ धरून उभा होता.

नंतर त्यांनी आवाज स्वच्छ यावा म्हणून तेच पुन्हा करून घेतलं. दुसऱ्यांदा ते तितकं आलं नाही. चित्रपटात पहिलंच ठेवलं आहे. नीट ऐकलं तर हुंगकाकांचं हसणं त्यात आहे.

बिकहा कपडे झटकत टेबलापासून उठली. चोंगसामला माशाचा रस लागला होता. लोने लाल पाकीट आणलं; फायला पाठवलं नाही, स्वतः आला. आधीचंच पातळ पाकीट होतं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, पण पुढे केलं नाही. त्याला विचारायचं धाडस होत नव्हतं.

"बिकहाताई," तो म्हणाला.

"दे आता," ती म्हणाली. "आता मी मेले तर कोणीतरी गेलं असं वाटेल तरी." आणि तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

संध्याकाळी अंत्यविधी झाला. फोटो पुन्हा सरळ करून लावला, उदबत्त्या पेटवल्या. लोने आम्हा शोक करणाऱ्यांना सांगितलं की कॅमेरा पाठीमागे आहे, तुमच्या फक्त पाठी दिसतील, तेव्हा खांदे हलू द्या. आम्ही फोटोकडे तोंड करून बसलो. फोटोच्या बाजूला, फुलांच्या आड, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी बिकहा येऊन उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून. आम्ही पुरेसं रडत नाही असं तिला वाटलं. तिने भुवया चढवल्या आणि बोटाने फिलोमिनाला खूण केली, अजून, अजून. फिलोमिनाने रुमाल तोंडात कोंबला. माझ्या शेजारचा म्हातारा खोकू लागला. सगळी रांग गदगदा हलत होती.

लो पुढे आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो म्हणाला, इतका खरा शोक त्याने आजवर टिपलेला नाही.